बदलीच्या सामानात बसणारा पियानो

गेल्या वर्षभरात चार फौजी घरांतून मला एकच प्रश्न आला. पोरं पियानो शिकायला लागलीत, घरी सरावाला काय घेऊ? दोघं इथलीच, कोलकात्याच्या क्वार्टरमधली. एक जण सिकंदराबादला. आणि एक पुण्यात रिटायर होऊन बसलेले सुभेदार मेजर साहेब, नातीसाठी विचारत होते. मी काही संगीतातला माणूस नाही. आमच्या घरात भजनाची पेटी होती, ती आबा वाजवायचे, मी टाळ धरायचो, एवढीच माझी तालीम. पण लेकीसाठी या शहरात महिनाभर दुकानं पालथी घातली, तिच्या बाईंशी वाद घातला आणि शेवटी एक वस्तू घरात आणली. तेव्हा उत्तर प्रत्येकाला वेगळं देण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो.

माझं मत असं. ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्टीचा आणि एका माणसाला उचलता येईल असा डिजिटल पियानो घ्या. लाकडी अपराइटच्या मोहात पडू नका. आणि 'सध्यापुरता' म्हणून ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड तर अजिबात घेऊ नका.

पहिला मोह इथे फार जोरदार असतो, कारण हे शहरच पियानोचं आहे. जोरासांकोच्या ठाकूरवाड्यात ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर नवनव्या चाली वाजवायचे आणि धाकटे रवींद्रनाथ त्यांवर शब्द बसवायचे. सत्यजित राय बिशप लेफ्रॉय रोडच्या घरात पियानोवर बसून आपल्या सिनेमांचं संगीत रचायचे. आपल्या मुंबईत १९२२ साली जन्मलेले व्ही. बलसारा १९५०च्या दशकात इकडे आले आणि पियानोसकट इथलेच होऊन गेले. कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक १९१५ पासून चालू आहे. मिर्झा गालिब स्ट्रीटच्या परिसरात ब्रगांझासारखी पियानोची जुनी दुकानं आहेत. (आडनाव वाचून गोव्याची आठवण येतेच.) अशा गल्लीतून फिरताना कोणीतरी एक जुना अपराइट उघडून दाखवतो. पितळी मेणबत्तीदान, पिवळसर पट्ट्या, झाकणावर लंडनच्या कुठल्याशा कंपनीचं नाव. "दादा, असली चीज परत मिळायची नाही," असं म्हणतो आणि पट्टीवर एक बोट ठेवतो. आवाज ऐकून माझ्यासारख्या टाळकऱ्यालाही वाटलं की घ्यावा.

घेऊ नका. अपराइटचं वजन २०० किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. त्यात सुमारे २३० तारा लोखंडी चौकटीवर ताणलेल्या असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १५ टनांच्या वर जातो. आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला अर्ध्यावर वळण. एकदा वर चढवला की दोन-तीन वर्षांनी तो खाली उतरवायचाच आहे, हे फौजी माणसाला सांगायला नको. पण वजनापेक्षाही हवेचा प्रश्न मोठा. कोलकात्यात जून ते सप्टेंबर पाण्यातच राहतो म्हटलं तरी चालेल. लाकूड फुगतं, खुंट्या आणि तारा गंजतात, हातोड्यांचं नमदं ओल धरतं, वाळवी तर कायम टपलेली. म्हणून इथली जुनी माणसं पियानोच्या पोटात एक छोटा बल्ब लावून ठेवतात, ऊब राहावी म्हणून. तेही जमेल. पण पुढची पोस्टिंग जोधपूर किंवा लेह निघाली तर? इथली ओल पिऊन फुगलेलं लाकूड तिथल्या कोरड्या हवेत आकसतं, आवाजाच्या मुख्य फळीला चीर जाते. आणि अशा ठिकाणी सूर लावणारा माणूस कुठून आणायचा? पुन्हा दर हलवाहलवीनंतर सूर लावायचा असतोच. ज्याचं घर चार पिढ्या भवानीपूरला आहे त्याने अपराइट जरूर घ्यावा. ज्याच्या घराचा पत्ता मूव्ह ऑर्डरवर ठरतो त्याने घेऊ नये.

गंमत म्हणजे वाद्य उचलता येईल असं करायचं काम या शहराने दीडशे वर्षांपूर्वीच एकदा केलंय. हार्मोनियम मूळची युरोपातली. पॅरिसच्या देबँने १८४० मध्ये तिचं पेटंट घेतलं. ती होती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची, टेबलाएवढी. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी, म्हणजे 'द्वारकिन' कंपनीच्या घोषांनी, १८७५च्या सुमारास भाता मागच्या बाजूला हातात आणला, पाय काढून टाकले आणि पेटी जमिनीवर ठेवली. आपल्या घराघरांतली, देवळातली, भजनातली पेटी ती हीच. पंढरीच्या वाटेवर गळ्यात अडकवून वाजवतात तीही तिचीच नात.

पण या सोयीची किंमत मोजावी लागली. पायाचा भाता गेला आणि डावा हात भात्याला जुंपला गेला. दोन्ही हातांनी वाजवायचं वाद्य एका हाताचं झालं. आपल्याकडे गाण्याला साथ द्यायला एक हात पुरतो, एक सूर धरून चालायचं असतं, म्हणून ते नुकसान कुणाला जाणवलं नाही. घोषांनी बरोबर तेच सोडलं जे आपल्याला लागत नव्हतं. संगीत नाटकवाल्यांना मात्र भरदार साथ हवी होती, म्हणून त्यांनी पायाचा ऑर्गन सोडला नाही; बालगंधर्वांच्या नाटकात रंगमंचापुढे ऑर्गनच असायचा, आणि कंपनी तो गावोगाव बैलगाडीतून, रेल्वेतून वाहून नेत असे. (आपल्यापेक्षा त्यांचं लगेज जास्त होतं!)

पियानो घेताना हाच प्रश्न विचारायचा. हलकं करताना काय सोडलं? स्पीकर लहान केले, चालेल. लाकडी कपाट काढलं, उत्तम. पाचशे आवाजांऐवजी पंधरा दिले, त्याहून उत्तम. पण पट्टीचं वजन काढलं असेल तर ते वाद्य पियानो राहत नाही.

याचं कारण पेटी वाजवणाऱ्या घरात नीट समजावून सांगावं लागतं. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. लहानमोठा करायचा तो भात्याने. पियानोत सगळं बोटात आहे. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास हे वाद्य केलं तेच मुळी हळू आणि जोरात, दोन्ही वाजावं म्हणून, आणि 'पियानो' या इटालियन शब्दाचा अर्थच हळू. पट्टी दाबली की आत हातोडा उडतो आणि तारेवर आपटतो. बोटाला जे वजन लागतं ते त्या हातोड्याचं. मधल्या पट्ट्यांना साधारण ५० ग्रॅम, डावीकडे खर्जात थोडं जास्त, उजवीकडे कमी. चांगल्या डिजिटल पियानोत तारा नसतात, पण प्रत्येक पट्टीला आत छोटा हातोडा किंवा तसं वजन जोडलेलं असतं. पट्टीखाली दोन, काहींत तीन, संपर्कबिंदू असतात. पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला हे यंत्र मोजतं. वेळ कमी म्हणजे बोट वेगाने आलं, म्हणजे आवाज मोठा. तिसरा बिंदू असेल तर पट्टी पूर्ण वर यायच्या आतच तोच सूर पुन्हा वाजवता येतो.

फौजेतल्या वाचकाला हे एका वाक्यात सांगता येतं. लाकडी रायफलवर कवायत होते, नेमबाजी होत नाही. ट्रिगरचा पहिला दाब कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे बोटाला कळल्याशिवाय गोळी जागेवर जात नाही, आणि ते खऱ्या ट्रिगरवरच कळतं. काही डिजिटल पियानोंच्या पट्टीत तळाशी अशीच एक बारीक खाच जाणवते. ग्रँड पियानोत हातोडा सुटतो त्या क्षणाची ती नक्कल. पहिल्यांदा बोटाला लागली तेव्हा मला फायरिंग रेंजच आठवली.

म्हणून ६१ पट्ट्यांच्या स्प्रिंगवाल्या कीबोर्डला माझा विरोध आहे. तो वाईट नाही. गणपतीत वाजवायला, चाली बसवायला, ऑर्केस्ट्राला छान आहे. पण त्यावर वर्षभर सराव केलेलं मूल खऱ्या पियानोसमोर बसलं की बोटं रुतल्यासारखी होतात, आणि पोराला वाटतं आपल्यालाच येत नाही. दुसरं म्हणजे त्यात तयार ताल असतात. बटण दाबलं की ड्रम सुरू, बेस सुरू, पोर वरून तीन सूर मारतं आणि घरातले टाळ्या वाजवतात. सराव झाला असं सगळ्यांना वाटतं. 'आधी आवड टिकते का बघू, मग मोठा घेऊ' हा हिशेब ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण चुकीच्या वाद्यावर आवड मारून मग ती टिकली नाही म्हणणं बरोबर नाही. पैसे खरोखर नसतील तर वर्षभर थांबा, वर्गातल्या पियानोवर जास्तीचा अर्धा तास मागून घ्या. मी विचारलं तेव्हा बरे हलके डिजिटल पियानो चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान होते. आमच्या पगारात ही रक्कम लहान नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच ती दोनदा खर्च होऊ नये.

आता दुकानात. रवींद्र सरणीला लालबाजारच्या बाजूला पेट्या, तबले, सतारी यांची रांग आहे. तिथे फिरण्यातच अर्धा दिवस जातो आणि जावा. डिजिटल पियानो मोठ्या दुकानांत मिळतात. विक्रेता आधी आवाज ऐकवतो, आणि आवाज सगळ्यांचाच पहिल्या दहा मिनिटांत छान वाटतो. तुम्ही आवाज पूर्ण बंद करायला सांगा. नुसत्या पट्ट्या दाबून बघा. काळ्या पट्ट्या आतल्या टोकाला, झाकणाजवळ दाबा. फार बारीक केलेल्या मॉडेलमध्ये तिथे पट्टी एकदम कडक लागते आणि लहान बोटं थकतात. एकच पट्टी भराभर वाजवा. मग आवाज चालू करून एक सूर इतका हळू वाजवा की जेमतेम ऐकू यावा. तो मध्येच गायब होत असेल तर सोडून द्या. स्वतःचा वायरवाला हेडफोन घेऊन जा, कारण घरी नव्वद टक्के सराव त्यातूनच होणार. ब्लूटूथचा हेडफोन सरावाला चालत नाही. बोट पडल्यावर आवाज किंचित उशिरा येतो आणि मूल बावचळतं. आणि शेवटी, विक्रेता हसला तरी चालेल, वाद्य उचलून चार पावलं चालून बघा.

आम्ही तिघांवर येऊन थांबलो होतो. कॅसिओचा सीडीपी-एस११० साडेदहा किलोचा, खोलीला जेमतेम २३ सेंटिमीटर, सहा पेन्सिल सेलवरही चालतो. वीज जाणाऱ्या स्टेशनवर ही फार मोठी गोष्ट आहे, आणि एकट्या राहणाऱ्या जवानाने बॅरेकमध्ये ठेवायचा तर मी हाच सुचवीन. यामाहाचा पी-१४५ साधारण ११ किलोचा, साधा, सरळ. रोलँडचा एफपी-१० सव्वाबारा किलोच्या आसपास. पट्ट्या तीन संपर्कबिंदूंच्या, वर सांगितलेली खाच असलेल्या, आणि पृष्ठभाग किंचित खरखरीत. कोलकात्याच्या मे महिन्यात या खरखरीतपणाचं महत्त्व कळतं, घामेजलेलं बोट गुळगुळीत पट्टीवरून घसरतं. लेकीने तिन्हींवर बसून पाहिलं आणि तिचं मत रोलँडला पडलं. माझंही. दीड-दोन किलो वजन वाचवण्यासाठी पट्टी सोडायची नाही. तेवढं वजन आपण पाठीवर पाणी म्हणून वाहतो.

लेकीच्या बाईंचा आक्षेप इथे नोंदवायलाच हवा, कारण तो खरा आहे. त्या जुन्या कोलकात्याच्या, शिकवणं कडक. त्यांचं म्हणणं, खऱ्या पियानोत एक तार वाजली की शेजारच्या तारा आपोआप गुणगुणतात, पेडल अर्धं दाबलं तर वेगळा रंग येतो, मूल कानाने आवाज घडवायला शिकतं; तुमच्या यंत्रात ते सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं. मी हुज्जत घातली ती एवढीच, की रोज चाळीस मिनिटं यंत्रावर आणि आठवड्यातून एकदा तुमच्या पियानोवर, हे रोज शून्य मिनिटांपेक्षा बरं की नाही? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पाचवी ग्रेड होईपर्यंत चालेल. मग पुन्हा भांडू." मला हे मान्य आहे. पाचवीच्या पुढे जे मूल जाईल त्याला खरा पियानो वरचेवर मिळेल अशी सोय आईबापाने शोधावी. बऱ्याच जुन्या मेसमध्ये एक अपराइट कोपऱ्यात उभा असतो, त्यावर ट्रॉफ्या मांडलेल्या असतात. कमांडिंग ऑफिसर साहेबांना विचारायला काय हरकत आहे?

थोडं बाकीच्या सामानाबद्दल. पियानोबरोबर येणारं प्लास्टिकचं छोटं पेडल फरशीवर सरकत जातं, मूल पाय लांबवत खुर्चीवरून घसरतं. जड, खऱ्यासारखं पेडल वेगळं घ्या. इंग्रजी एक्स अक्षरासारखा घडीचा स्टँड स्वस्त मिळतो, पण वजनदार पट्ट्यांवर जोर पडला की डुलतो. चार पायांचा घ्या, किंवा भक्कम टेबल वापरा; पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ सेंटिमीटरवर आल्या आणि मुलाची कोपरं पट्ट्यांच्या पातळीत राहिली की झालं. हेडफोन लावला म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही असं समजू नका. पट्ट्यांची धपधप स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून खालच्या क्वार्टरमध्ये उतरते. स्टँडखाली जाड दरी दुहेरी करून टाका. रोज वापर झाला की कापड झाका. धूळ आणि मुंग्या या दोघींना पट्ट्यांखालची जागा फार आवडते.

हे सगळं इतकं का लिहितोय? आमच्या लेकीची ही पाचवी इयत्ता आणि तिसरी शाळा. पहिली शाळा मराठीत बोलणाऱ्या मुलांची, दुसरी पंजाबी-हिंदी, आता बांगला. मैत्रिणी प्रत्येक वेळी मागे राहतात, पहिले दोन महिने फोन चालतात, मग नाही. फौजी मुलांचं हे असंच असतं आणि ती तक्रारही करत नाहीत. पण छावण्यांमध्ये मी पाहिलंय, सतार, नाच, स्केटिंग, काही ना काही सुरू होतं आणि बदलीबरोबर सुटतं. नव्या ठिकाणी गुरू मिळेपर्यंत सहा महिने जातात, वस्तू पॅकिंगमधून निघत नाही, मग ती माळ्यावर जाते. तबला शिकणारी पोरं टिकतात, कारण तबला बर्थखाली मावतो. पियानो शिकणारं मूल टिकवायचं असेल तर सामान पोचल्या दिवशी संध्याकाळी तो उघडून लावता आला पाहिजे. गुरू नंतर सापडतील. ओळखीच्या पट्ट्या त्याच असल्या, बोटांखालचं वजन तेच असलं, की अनोळखी खोलीत मूल अर्धा तास तरी घरी असतं. आणि मी फिल्डला गेलो तरी ती वाजवत राहील. फोनवर ऐकवते तेव्हा खर्ज नीट येत नाही, पण चालतं.

राहिला खोक्याचा प्रश्न, आणि तो सोडवल्याशिवाय 'पोर्टेबल' या शब्दाला अर्थ नाही. ८८ पट्ट्यांचा कुठलाही पियानो चार फुटांच्या वर लांब असतो. आपल्या नेहमीच्या काळ्या ट्रंकेत तो जाणार नाही. कंपनीचा खोका आणि थर्माकोल जपून ठेवा, पण ट्रकमध्ये एवढ्यावर भागत नाही. मी सुताराकडून नऊ एमएमच्या प्लायवूडची पेटी करून घेतली, आतून १३८ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद, २४ खोल, सगळीकडून फोम. दोन टोकांना दोरीची नव्हे, लोखंडी कडी. रिकामी पेटीच पियानोएवढी जड झाली आहे, म्हणजे आता दोन माणसं लागतात. तरी जिन्याच्या वळणावरून सहज जाते, मी रिकामी नेऊन पाहिली. ट्रकमध्ये ती आडवी ठेवायची, पट्ट्या वर, आणि तिच्यावर काहीही रचायचं नाही. हे लोडिंगवाल्यांना चार वेळा सांगावं लागेल. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव घालून घेतलंय. स्टेशनची जागा तेवढी कोरी सोडली आहे.